डोंगर मेंदूत मावतो का?

तत्त्वज्ञ-वैद्य इब्न सीनाच्या (९८०–१०३७) ‘शिफा’ या ग्रंथातलं आत्म्यावरचं प्रकरण शिकवताना मी फळ्यावर चौरस काढतो आणि त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला आणखी दोन, एकमेकांशी तंतोतंत सारखे. मग सगळ्यांनी डोळे मिटून तीच आकृती मनात आणायची. मनातल्या त्या दोन चौरसांतला डावा कोणता, हे कशावरून ठरतं? आकार तोच, माप तेच. फरक उरतो तो जागेचा, म्हणजे प्रतिमा धारण करणाऱ्या अवयवाचे दोन भाग वेगळे असले पाहिजेत. म्हणून इब्न सीना कल्पनेला शारीरिक मानतो. प्रतिमांचा साठा मेंदूच्या पुढच्या पोकळीत, तिच्या मागच्या टोकाला. बुद्धी तेवढी अभौतिक.

त्या दिवशी एका विद्यार्थिनीने डोळे उघडून विचारलं, “सर, मी डोंगर आणला. तो तेवढ्याशा पोकळीत मावला कसा?”

सतराव्या शतकातल्या इराणी तत्त्वज्ञ मुल्ला सद्राचं नावही तोवर वर्गात निघालं नव्हतं आणि ही त्याच्याच बाजूची शंका होती! मी ‘शिफा’ मिटून सद्राचा ग्रंथ ‘अस्फार’ उघडला. डोंगराचं लहानसं चित्र उमटत असेल, असं एकजण म्हणाला. पण मनात दिसतो तो तर मोठाच डोंगर; मग ते मोठेपण कुठे आहे? डोंगरासारखेच मेंदूचेही अनंत भाग पाडता येतात, म्हणून तो मावेल, हा दुसरा बचाव. त्यावर या परंपरेतलं उत्तर चोख आहे: अनंत भाग तळहाताचेही पडतात, म्हणून त्यात डोंगर मावत नाही.

सद्राच्या मते प्रतिमा मेंदूवर उमटतच नाही, आत्मा ती निर्माण करतो. चौरसांचं डावं-उजवंही त्या निर्मितीतूनच येतं. इथे विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण अभौतिक म्हणजे आकारहीन असं ते धरून चालतात. सद्राच्या कल्पनाप्रतिमेला लांबी-रुंदी असते, द्रव्य नसतं. बुद्धीतल्या संकल्पनेला दोन्ही नसतं. हा मधला स्तर सुटला की त्याचं सगळंच म्हणणं विस्कटतं.

“मग डोक्याला मार लागला की आठवणी का जातात?” तिनेच पुढे विचारलं. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झाली की ठरावीक शक्ती बिघडते, हा इब्न सीनाच्या बाजूचा भक्कम आधार. सद्राला मेंदूची गरज मान्य आहे, पण केवळ साधन म्हणून, आत्म्याची तयारी करून देणारं. मला हे उत्तर सुसंगत वाटतं. मात्र अमुक भागाचा अमुक शक्तीशीच संबंध का, हे नुसत्या ‘साधन’ शब्दाने उलगडत नाही, आणि उरलेला तास आम्ही तिथेच घालवला.