मोंबासात नऊ वाजले की दुपारचे तीन

केनियातल्या मोंबासात येऊन चार महिने झाले होते आणि स्वाहिली आकडे पाठ झाल्याची मला जराशी मिजासही आली होती. ऑफिसातल्या पाचसहा जणी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास धरतात आणि 'सा तिसा'ला सोडतात, असं कळलं. तिसा म्हणजे नऊ. मनात म्हटलं, सकाळी नऊपर्यंतच? हा कसला उपास, हा तर उशिरा केलेला नाश्ता! 5 मार्च 2025, राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस. नवाच्या ठोक्याला मी पॅन्ट्रीत जाऊन साम्बुसा खाल्ला. साम्बुसा म्हणजे आपला समोसा, पण आत खिमा. तोंडात घास असतानाच दारातून आवाज आला, "तयारी?" आपल्याला वाटेल कसली तयारी विचारतायत. स्वाहिलीत त्याचा अर्थ, झालं एवढ्यात?

आठवडाभर सगळं ऑफिस हसत होतं.

चूक घड्याळाची होती. इथला दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सूर्य उगवल्यावर होतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य बारा महिने साधारण सहा-साडेसहालाच उगवतो, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे एक वाजला आणि दुपारचे तीन म्हणजे नऊ. इंग्रजीत बोलताना ही माणसं आपल्यासारखीच वेळ सांगतात, स्वाहिलीत आली की सहा तासांचा फरक. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पण खरं तर मला आधीच माहीत असायला हवं होतं, कारण मी नाशिकच्या शरणपूरची, तिथल्या ख्रिस्ती घरातली. दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) बारा ते तीन चर्चमध्ये बसून, येशूने क्रुसावर उच्चारलेल्या 'सात शब्दां'वरचे सात संदेश ऐकत लहानाची मोठी झाले. येशूने प्राण सोडला तो नवव्या तासाला, आणि नववा तास म्हणजे दुपारचे तीन, हे पाळकसाहेबांनी किती वेळा समजावून सांगितलं असेल. शुभवर्तमानातलं ते जुनं घड्याळ कुठेतरी अजून चालू असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

नाशकात आमचा उपास कुणाला दिसायचा नाही. शेजारच्या काकू एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार सगळं करायच्या. त्यांच्याकडची साबुदाण्याची खिचडी, भगर-आमटी, रताळ्याचा कीस वाटीतून आमच्याकडे यायचा आणि आम्ही तो आमचा उपास नसताना मिटक्या मारत खायचो. काकू आजीला विचारायच्या, "तुमच्यात पण असतो का हो उपास?" आजी म्हणायची, "असतो की. पण त्याला पदार्थ नसतात." याहून जास्त ती कधी काही बोलली नाही. आता वाटतं, त्यामागेही काही कारण असावं. मिशनच्या काळात ज्यांनी व्रतवैकल्यं मागे टाकली, त्यांच्या घरात उपास म्हणजे पुन्हा तेच पुण्य साठवणं नाही ना, अशी धास्ती असायची. तारण कृपेनं मिळतं, पोट जाळून नाही, हे त्यांना शिकवलेलं. त्यामुळे उपास असायचा, पण दबक्या पावलांनी.

उपासाच्या दिवशी आजी उलट जास्त नीट आवरायची. केसांना तेल, चापूनचोपून वेणी, चेहऱ्याला पावडर. मला वाटायचं कुठे लग्नाला निघाली की काय. खूप वर्षांनी मत्तयचा सहावा अध्याय नीट वाचला तेव्हा उलगडा झाला. येशू तिथे सांगतो की उपास करताना तोंड वाईट करून लोकांना दाखवत फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आजी ते शब्दशः पाळत होती, खोबरेल तेलासकट.

लेंटचे दिवस म्हणजे नाशकात द्राक्षांचे दिवस. हे सोसायला फार कठीण. रविवारचं मटण बंद झालेलं आम्हा पोरांना चालायचं, पण आई द्राक्षंही बंद करायची, आणि तेव्हाच बाजारात त्यांचे ढीग लागलेले असायचे. मटणाचे आणि द्राक्षांचे जेवढे पैसे वाचतील तेवढे ती बोर्नव्हिटाच्या एका जुन्या डब्यात टाकायची. ईस्टरच्या आदल्या दिवशी तो डबा मोकळा व्हायचा. पैसे कुणाकडे जायचे ते आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलं की ती म्हणायची, "ज्याचे होते त्याच्याकडे गेले."

लेंटचा हिशोब इकडच्या मैत्रिणींना सांगताना मीच एकदा अडखळले होते. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत मोजले तर 46 दिवस होतात. मग चाळीस कसे? रविवार धरायचे नाहीत, कारण प्रत्येक रविवार म्हणजे छोटा ईस्टरच. चाळीस हा आकडा येशूच्या अरण्यातल्या उपासाचा, आणि त्याच्याही आधी सीनाय डोंगरावरच्या मोशेचा, होरेबकडे चाललेल्या एलीयाचा. बुधवार-शुक्रवार तर फारच जुने. 'दिदाखे' नावाच्या सुरुवातीच्या ख्रिस्ती लिखाणातच त्या दोन वारांचा उपास सांगितला आहे. कॅथलिकांचा नियम आता बराच सौम्य आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार असे दोनच दिवस उपासाचे, तेही 18 ते 59 वयाच्या लोकांना, एक पूर्ण जेवण आणि दोन अगदी थोडी खाणी. आमच्याच इमारतीत एक इथिओपियन कुटुंब राहतं, त्यांच्या ऑर्थोडॉक्स पंथात ईस्टरआधीचा उपास 55 दिवसांचा. मांस नाही, अंडी नाहीत, दूध-तूपसुद्धा नाही. चहासुद्धा कोरा. त्यांच्याकडे गेले की मला माझ्या उपासाची लाज वाटते.

2025मध्ये रमजानही त्याच आठवड्यात सुरू झाला. ऑफिसात अर्धे लोक मगरीबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, पाणीसुद्धा न पिणारे, पाचसहा जणी तीनपर्यंत उपाशी, आणि दोघं गुजराती भाऊ आपला डबा कुठे उघडावा या विवंचनेत. मोंबासाचा मार्च म्हणजे घामाच्या धारा. आम्ही पाणी पितो म्हणून मुस्लिम मैत्रीण चिडवायची, "हा कसला कुफुंगा!" कुफुंगा हा शब्द दोघांचा एकच. मूळ अर्थ बांधणं, बंद करणं. दार लावतात तेही कुफुंगा आणि उपास धरतात तेही कुफुंगा. उपास सोडणं म्हणजे कुफुंगुआ, उघडणं. हे ऐकल्यावर मला आपली मराठी आठवली. आपणही उपास धरतो आणि सोडतो, जसं कुणाचा हात धरतो आणि सोडतो.

दुपारी एक ते दोन, जेवणाच्या सुट्टीत आम्ही फायलींच्या खोलीत बसतो. कागदावर नावं असतात. कुणाची आई दवाखान्यात, कुणाचा मुलगा आखातात, कुणाचं घरभाडं थकलेलं. एकेकीने एकेक नाव घ्यायचं आणि प्रार्थना करायची. खरं सांगू? पहिले दोन आठवडे माझ्या डोक्यात प्रार्थना कमी आणि मामरी जास्त होती. नारळाच्या दुधात मळून, वेलची घालून तळलेली ती पोळी आणि तिच्यासोबत म्बाझी, म्हणजे आपलीच तूर, तीही नारळाच्या दुधात. चहा सोडल्यामुळे डोकं ठणकायचं. एकदा दारावरच्या वॉचमनवर मी विनाकारण खेकसले आणि संध्याकाळी जाऊन माफी मागितली. आमच्यातली सगळ्यात वयस्क बाई, जिला सगळे 'मामा' म्हणतात (इथे मामा म्हणजे आई, मला अजून सवय होत नाही), ती म्हणाली की पोटातलं बाहेर येतं ते उपासातच, एरवी आपण त्यावर चपाती टाकून झाकून ठेवतो.

उपासाबद्दल या किनाऱ्यावर लिहायचं आणि शाकाहोला टाळायचं, हे जमणार नाही. मोंबासाच्या उत्तरेला, किलिफी काउंटीत ते जंगल आहे. 2023च्या एप्रिलमध्ये तिथे मृतदेह सापडायला लागले. उपाशी राहून मेलात तर येशू भेटेल, असं एका धर्मोपदेशकाने लोकांना सांगितलं होतं. चारशेहून जास्त मृतदेह उकरून काढले, त्यात लहान मुलंही होती. ऑफिसात त्याविषयी कुणी मोठ्याने बोलत नाही. पण लेंटच्या पहिल्या रविवारी आमच्या पाळकांनी व्यासपीठावरून जे सांगितलं ते त्याबद्दलच होतं. पाणी प्या. गरोदर बायकांनी, गोळ्या चालू असणाऱ्यांनी, मुलांनी धरायचा नाही. आणि तीन वाजता जेवायचंच, जो जेवणार नाही त्याचा उपास मी मानणार नाही. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

दुसरा प्रकार एवढा भयंकर नाही, पण मला त्याचा राग येतो. शहरभर भिंतींवर पोस्टर असतात, 21 दिवस उपास करा आणि व्हिसा मिळवा, नोकरी मिळवा, नवरा मिळवा. नाशकात याला आपण सरळ नवस म्हणतो आणि बोललेला नवस फेडतो तरी. हे लोक देवाचा हात पिरगाळायला निघालेत असं वाटतं. उपास म्हणजे देवापुढे केलेलं उपोषण नव्हे. मागण्या मान्य होईपर्यंत मांडव घालून बसायची ती जागा नाही.

मग तो कशासाठी? मला उत्तर बायबलमधल्या यशयाच्या 58व्या अध्यायात सापडतं. तिथले लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपास केला आणि तू पाहिलंसुद्धा नाहीस. देव म्हणतो, उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवता. मला हवा तो उपास म्हणजे बेड्या तोडा, गांजलेल्यांना मोकळं सोडा, भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी द्या. हा उतारा मी पूर्वीही ऐकला होता. पण फ्रेअर टाउनच्या चर्चमध्ये स्वाहिलीतून ऐकताना 'कुफुंगुआ' कानावर पडलं आणि मी एकदम ताठ बसले.

कारण त्या जागेचा इतिहास. एकोणिसाव्या शतकात इंग्रज नौदलाने अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली, त्यातली काही आफ्रिकन मुलं मुंबईत उतरवली, आणि त्यातली बरीच आमच्या शरणपूरच्या मिशनमध्ये आली. तिथे शिकली, हातात कला आली. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत ही 'नाशिक बॉईज' होती. त्यांतला जेकब वेनराइट तर इंग्लंडपर्यंत गेला आणि 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनविधीत खांदेकरी होता. पुढे मोंबासासमोर मुक्त झालेल्या गुलामांसाठी वस्ती, म्हणजे हेच फ्रेअर टाउन, उभी राहिली तेव्हा ती वसवायला शरणपूरचेच पाद्री प्राइस आले आणि नाशकात वाढलेले कितीतरी आफ्रिकन तिथे राहायला गेले. त्यांना इथे 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, घंटेपाशी. घंटा अजून आहे. मी पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांना कुठून आले ते सांगितलं. भारत म्हटल्यावर त्यांनी नुसती मान डोलावली. नाशिक म्हटल्यावर खुर्ची दिली.

2025चा उत्तम शुक्रवार नेमका 18 एप्रिललाच आला. बारा ते तीन तिथल्याच चर्चमध्ये बसले. सातवा शब्द संपला, लोक बाहेर आले. मामाने झाडाखाली उजीचं पातेलं मांडलं होतं. उजी म्हणजे नाचणी-मक्याची पातळ पेज, थोडी आंबट. ज्याला हवी त्याला, चर्चचा असो नसो. रस्त्यावरचे बोडाबोडावालेसुद्धा मोटरसायकली लावून रांगेत. पाचसहा जणींच्या लेंटमधल्या बुधवार-शुक्रवारच्या दुपारच्या जेवणाचे पैसे त्या पातेल्यात होते. मी पेले भरून देत होते, तेवढ्यात आईचा फोन. नाशकात साडेपाच.

"सलाम बेटा. आमची उपासना तीनलाच सुटली. ना. वा. टिळकांची भजनं झाली शेवटी. तुझा उपास सुटला का? किती वाजले तिकडे?"

"नऊ," मी म्हटलं.

"नऊ? अगं मग अजून उपाशी काय बसलीस!"