५४५ रुपयांची कच्ची पपई

रविवार, रात्रीचे सव्वाअकरा. हाताचा वास जात नाहीये. तीनदा साबण लावला, लिंबू चोळलं, तरी लसूण आणि सुकट मिळून असा जो काय वास असतो तो बोटांना तस्साच. झोप पण नाही, म्हटलं लिहूनच काढू.

तर काल आईला घेऊन बाणेरच्या त्या नव्या हॉटेलात गेलो. दोन महिने माझ्या फोनवर दर तिसरी रील त्याचीच. थाई, बर्मीज, मलेशियन, सगळं एकाच ठिकाणी, बाहेर वेताचे दिवे, आत केळीची झाडं (खरी आहेत, नख लावून बघितलं). नाव लिहीत नाही कारण पुढे कुरकुर करणारे. बुकिंग घेत नाहीत, नंबर लावायचा, आमचा ३४ वा, पन्नास मिनिटं फुटपाथवर उभे. आईने पर्समधून खारे दाणे काढले, नातवाला दिले, बाजूच्या दोन अनोळखी पोरींपुढे पण पुडी धरली आणि एकीने चक्क घेतले. "लग्नाच्या पंगतीला पण एवढं ताटकळत ठेवत नाहीत गो," आई म्हणाली, बऱ्यापैकी मोठ्याने.

इथे एक मागचं सांगायला हवं. आई रत्नागिरीहून गुरुवारी आली, येताना दोन डझन हापूस, कोकमाचं आगळ, आणि एकात एक अशा तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, वर पेपर, वर रबर, आत सुकट. तीन पिशव्या माझ्यामुळे. गेल्या वर्षी तिने आमच्याकडे सुकट भाजली आणि अर्ध्या तासात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, कुठल्यातरी फ्लॅटमधून असह्य वास येतोय, सभासदांनी इतरांचा विचार करावा, खाली हात जोडलेले सात इमोजी. मी काय केलं? खिडक्या लावल्या, उदबत्ती पेटवली आणि आईला म्हटलं पुढच्या वेळी नको आणूस. ती काही बोलली नाही, पण आणायची थांबली पण नाही, फक्त पिशव्या वाढल्या.

असो. आत गेलो. पहिलं मागवलं सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, ५४५ रुपये, टेबलाशी येऊन कुटून देतात म्हणून. सोम म्हणजे आंबट, ताम म्हणजे कुटणं, हे त्या ट्रॉलीवाल्या मुलाने सांगितलं. मातीचं खोलगट भांडं आणि लाकडी बत्ता. मला वाटलं शोभेला, तर नाही, दगडात कुटलं तर पपईचा लगदा होईल, इथे ती नुसती ठेचकाळायला हवी म्हणजे रस आत शिरतो. आधी लसूण आणि लवंगी मिरच्या, मग ताडाचा गूळ, चिंच, लिंबू, फिश सॉस, दाणे. चवळीच्या शेंगा हाताने मोडून. एका हाताने कुटायचं आणि दुसऱ्या हातातल्या चमच्याने खालचं वर करत राहायचं, अगदी आई चटणी करते तसं. मग त्याने एका वाटीतून गुलाबीसर काहीतरी घेतलं आणि आई खुर्चीतून पुढे झुकली.

"दाखव बघू." तो बिचारा गोंधळला, वाटी पुढे केली. आईने नाकाशी नेली.

"सोडे गो हे! बारीक आहेत, पण सोडेच."

"ड्राइड श्रिम्प आहेत मॅम, थायलंडवरून येतात."

"आमच्या मिरकरवाडा बंदरातून आणा म्हणावं, निम्म्यात पडतील."

नवरा खाली मान घालून मेन्यू वाचायला लागला (तो देशावरचा, घर पूर्ण शाकाहारी, लग्नानंतर बाटला, पण सुक्या मासळीच्या वासाला अजून दबकतो). पण मजा अशी की त्या ट्रॉलीशी तोच वास होता, ज्याच्यासाठी मी खिडक्या लावल्या होत्या तोच, उलट जास्तच, कारण फिश सॉस म्हणजे तरी काय, आपल्या मांदेलीच्या खानदानातले छोटे मासे मिठात घालून कित्येक महिने मुरवत ठेवायचे आणि त्याचं जे पाणी सुटतं ते गाळून घ्यायचं. आणि बाजूच्या टेबलावरची बाई डोळे मिटून म्हणतेय, वॉव, सो ऑथेंटिक. मला हसू पण आलं आणि आतून कसंतरी पण झालं.

चव मात्र खरंच अफाट. आधी गोड लागतं, मग आंबट, आणि तिखट मागून येतं, कानापर्यंत. चिरंजीवांनी एक घास खाऊन थेट टॉम यमच्या वाटीत आश्रय घेतला, तिथून गवती चहाची काडी बाहेर काढली आणि आजीला विचारलं, "ह्या आमटीत चहा का घातलाय?"

पुढची डिश कांगकुंग ब्लाचान, मलेशियाची. कांगकुंग म्हणजे काहीतरी भारी असेल असं वाटलं होतं. आईने पोकळ देठ चिमटीत धरून दाबला, म्हणाली ही नाळीची भाजी, आमच्याकडे पाणथळ जागेत कुठेही वाढते. आणि ब्लाचान म्हणजे जवळा, मीठ घालून, कुटून, वाळवून, आंबवून केलेली वडी. आपला जवळा आणि त्यांचा तो, दोन्ही एकाच कुळातले. भाजी मोठ्या आचेवर नुसती परतलेली, हिरवीगार, करकरीत. आईने अर्धी बशी एकटीने संपवली आणि आपण ह्या भाजीचा शिजवून शिजवून चोथा करतो हे मान्य केलं. तिच्या तोंडून हे म्हणजे फार झालं.

मग बर्मीज खाऊ स्वे, जी सगळ्यात मोठी निघाली, म्हणजे बोलण्याच्या दृष्टीने. मोठा बाऊल, नूडल्स, नारळाच्या दुधाचा पिवळा रस्सा, आणि भोवती सात-आठ वाट्या, तळलेला लसूण, तळलेला कांदा, दाणे, अंडं, लिंबू, कोथिंबीर, आपापलं सजवायचं. आईने एक चमचा नुसता रस्सा घेतला, जिभेवर फिरवला आणि निकाल दिला, बेसन लावलंय. वेटर आत जाऊन विचारून आला, हो, बेसनच.

ब्रह्मदेशचं म्हटल्यावर आईला तिथला शेवटचा राजा, थिबाराजा आठवलाच. रत्नागिरीच्या माणसाला आठवणारच, आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी थिबा पॅलेसलाच जायची, दुसरं कुठे नेणार. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, परत काही जाऊ दिलं नाही, १९१६ मध्ये तो तिथेच गेला. नात टुटू, ती तर रत्नागिरीचीच झाली, लग्न पण इथल्याच माणसाशी. आणि आमच्या रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना नेऊन ठेवलं मंडालेला! खाऊ स्वे मात्र राजाबरोबर आली नाही म्हणे, १९४२ मध्ये जपानी ब्रह्मदेशात घुसले तेव्हा तिथून पळून आलेल्या, कितीतरी चालत आलेल्या, भारतीय कुटुंबांनी ती आणली असं मी वाचलेलं, ते मी आईला सांगितलं. तिला त्यात फार रस नव्हता. ती वेगळ्याच विचारात.

"राजाच्या घरी पण मासळी आंबवून खात असतील ना?"

म्हटलं हो, तिकडे ङापी म्हणतात, त्याशिवाय जेवण नाही.

"मग बरं झालं रत्नागिरीत ठेवला. पुण्यात ठेवला असता तर मेसेज आला असता."

मी काहीच बोलले नाही. नवरा हसला, मग माझ्याकडे बघून थांबला.

रेन्दांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मांस) चांगलं होतं पण तोवर पोट भरलेलं. आंबा आणि चिकट भात मागवायची चूक केली. भात छान होता, नारळाच्या दुधात, वरून चिमूटभर मीठ, पण घरात दोन डझन हापूस असलेल्या बाईपुढे परदेशी आंबा ठेवणं म्हणजे... तिने एक फोड खाल्ली आणि बशी जावयाकडे सरकवली. बिल ४,८६०. सर्व्हिस चार्ज न विचारता लावलेला, काढायला सांगितला तर मॅनेजरचं तोंड आंबलं. एवढीच माझी कुरकुर, आणि पन्नास मिनिटांची.

आज सकाळी आई भाजीवाल्याकडून कच्ची पपई घेऊन आली, तीस रुपये. संध्याकाळी खलबत्ता काढला. दगडी आहे म्हटलं, लगदा होईल. "हलक्या हाताने करते," म्हणाली. मग तिन्ही पिशव्या सोडल्या, तवा ठेवला, आणि मी सवयीने उठून खिडकीपाशी गेले, कडीला हात पण लावला. मग तशीच उभी राहिले. उघडीच ठेवली.

लसूण, मिरची, गूळ, चिंचेऐवजी आगळ, भाजलेली सुकट, दाण्याचं कूट नाही, अख्खे दाणे. नवऱ्याने दोनदा घेतलं. आई तिसऱ्या वेळचं कुटत होती तेवढ्यात इंटरकॉम वाजला, माझ्या पोटात गोळा. वॉचमन. मॅडम, खालच्या मजल्यावरून कंप्लेंट आहे, काहीतरी ठोकताय का, आवाज येतोय.

वासाचं काही बोलला नाही.

आई म्हणाली, जुना टॉवेल दे एखादा, खाली घालायला.