मिल इंजिन, सात संच: सिलिंडर आणि गाइड का भांडतात ते सापडलं

गिरणीतल्या जुन्या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल, म्हणजे आपलं मिल इंजिन, सहा गावांत पार्ट वाटून करतो आहोत. त्याचा पहिला संच जोडला आणि तो अडकला. पिस्टन मागच्या टोकापासून मध्यापर्यंत बोटाने सरकतो. पुढच्या शेवटच्या सहा-सात मिलिमीटरमध्ये मात्र क्रॉसहेड (पिस्टन रॉडच्या टोकाचा, गाइडमध्ये सरकणारा ठोकळा) असा धरतो की फ्लायव्हीलला दोन्ही हात लावावे लागतात. त्यामुळे वेळापत्रक तूर्त बाजूला. बाकीची प्रगती खाली थोडक्यात आहे, आधी हे निस्तरू.

वाटणी आठवत असेलच: सिलिंडर मिरजेला, बेड आणि पेडेस्टल कुपवाडला, ट्रंक गाइड (क्रॉसहेड ज्यात सरळ सरकतो ती नळी) व क्रॉसहेड कराडला, पिस्टन, रॉड आणि व्हॉल्व्ह साताऱ्याला, क्रँक आणि एक्सेंट्रिक (व्हॉल्व्ह हलवणारी, मध्य सरकवलेली चकती) विट्याला, फ्लायव्हील पलूसला. बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) २५, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ४०, सगळी मापं मिलिमीटरमध्ये, प्रत्येक पार्टचे सात नग. प्रत्येक पार्ट आपापल्या ड्रॉइंगप्रमाणे पास आहे. एकत्र आले की भांडतात.

दोष कुणाचा हे शोधायची सोपी युक्ती: गाइड बेडवरून काढा, क्रॉसहेडला ब्लू (खूण उमटवणारा निळा रंग) लावा, सिलिंडरला गाइड बोल्ट करून पिस्टन पुढे-मागे करा आणि घासल्याची खूण कुठे उमटते ते पाहा. मग सहा बोल्ट काढून गाइड ६० अंश फिरवून परत बसवा. खूण गाइडबरोबर फिरली तर दोष गाइडचा, सिलिंडरच्या पोर्टच्या (वाफेच्या वाटेच्या) बाजूलाच राहिली तर सिलिंडरचा. खूण जागची हलली नाही. कराडकर सुटले.

मग सिलिंडरच्या बोअरमध्ये मॅन्ड्रेल (जॉब ज्यावर घट्ट बसवतात तो दांडा) घालून पुढच्या फ्लँजवर डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) लावला. ४५ व्यासाच्या तोंडावर ०.०४ चा फरक. ऐकायला काहीच नाही, पण हिशेब करा: क्रॉसहेड पुढच्या टोकाला फ्लँजपासून ९० मिलिमीटरवर असतो, म्हणजे तिथे ०.०४ भागिले ४५ गुणिले ९०, बरोबर ०.०८. क्रॉसहेडला गाइडमध्ये मोकळीक आहे ०.०२ ते ०.०४. मग तो अडकणारच, आणि मागे असताना सुटा वाटणार, कारण तिथे हा फरक अजून वाढलेला नसतो.

असं का झालं? सिलिंडर थ्री-जॉमध्ये (लेथच्या तीन जबड्यांच्या चकमध्ये) धरून बोअर मारला, त्याच सेटिंगमध्ये एक तोंड फेस केलं (सपाट कापलं), मग जॉब उलटा करून दुसरं. बोअरशी काटकोनात असलेलं तोंड मागच्या झाकणाकडे गेलं, जिथे ०.०४ ने कुणाचंच बिघडत नाही. उलटवून केलेलं तोंड गाइडकडे आलं. थ्री-जॉ कितीही चांगला असला तरी जॉब उलटवला की काही शतांश जातातच. ड्रॉइंगवर ‘पुढचं तोंड आणि बोअर एकाच सेटिंगमध्ये’ ही ओळच नव्हती. आता लाल शाईत टाकली आहे.

सातही सिलिंडर फेकायचे नाहीत, वाचतात. ईएन ८ पोलादाचा टेपर (किंचित निमुळता) मॅन्ड्रेल करायचा: टेपरचा भाग १२० लांब, बारीक टोक २४.९६५, जाड टोक २५.०२५, म्हणजे २००० ला १. दोन्ही टोकांना सेंटर होल, पूर्ण लांबी १८०. टेलस्टॉक (लेथवर जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग) फक्त ०.०४५ सरकवायचा, तोही डायल लावून. टेलस्टॉकच्या रेघा पाहून हे जमत नाही. २५.००० चा बोअर यावर ७० मिलिमीटरवर अडकतो, २५.०२१ चा ११२ वर, म्हणजे एच ७ च्या (भोकाच्या मापाला चालणाऱ्या फरकाच्या) पूर्ण मर्यादेतला प्रत्येक नग यावर बसतो. पातळ टोकाकडे बोअरमध्ये ०.०३ ची फट राहतेच, त्यामुळे सिलिंडर अगदी थोडा कलू शकतो. वाईटात वाईट धरलं तरी ९० वर ०.०२ च्या आसपास येतं, तेवढं क्रॉसहेड पचवतो. पुढच्या तोंडावरून ०.१ ची एक हलकी फेसिंग पुरे. लांबी ५९.९ झाली तरी पिस्टनला दोन्ही टोकांना एक-एक मिलिमीटर जागा आहे.

हे लिहितानाच गाइडच्या ड्रॉइंगकडे पुन्हा पाहिलं आणि तिथेही सुधारायला जागा दिसली. सध्या गाइडच्या फ्लँजमध्ये ग्लँडसाठी (पिस्टन रॉडभोवती वाफ अडवणाऱ्या भागासाठी) १२ चं भोक आहे आणि मागून २२ चा बोअर. म्हणजे २५ चा स्पिगॉट (सिलिंडरच्या बोअरमध्ये बसणारी कड) एका बाजूने, बोअर दुसऱ्या बाजूने, जॉब उलटवणं आलंच. त्याऐवजी २२ चा बोअर आरपार नेऊ आणि ग्लँडचा बुश (आखूड नळी) वेगळा करून रिटेनिंग कंपाउंडने (धातू जोडणाऱ्या चिकटद्रवाने) बसवू. मग फ्लँजच्या बाजूने बोअर, तोंड आणि स्पिगॉट एकाच सेटिंगमध्ये होतात. स्पिगॉटची भिंत दीड मिलिमीटर राहते, ३ मिलिमीटर लांबीला ती भरपूर झाली. १६ चा बोरिंग बार एवढ्या खोलीला थरथरणार, म्हणून २० चं ड्रिल, मग हलक्या कटने २१.७ पर्यंत बोअर सरळ करून शेवटी २२ एच ७ चा मशिन रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार). रीमर भोकाच्या मागे जातो, वाकडं भोक सरळ करत नाही, म्हणून बोरिंग वगळू नका. ऑनलाइन मिळणारे स्वस्त रीमर तर लांबच ठेवा. एक नग आधी भंगारच्या तुकड्यावर चालवून प्लग गेज (भोक तपासायची अचूक दांडी) लावल्याशिवाय कुठलाच रीमर जॉबवर नको.

या बदलाचा आणखी एक फायदा. ग्लँडचा बुश घालायच्या आधी सिलिंडर आणि गाइड आरपार मोकळे असतात, म्हणजे एकच पायरीची गेज दोन्हीतून जाते: ७० लांबीला २४.९८ आणि पुढे १०० लांबीला २१.९८. मागून घातली आणि बोटाने फिरली की जोडी पास. मायक्रोमीटर कुणाचा खरा हा वादच मिटतो. आधी विचार होता की सिलिंडर आणि गाइड दोन्ही कराडलाच द्यावेत, म्हणजे फिटच्या दोन्ही बाजू एका हातात. तो आता सोडून देऊ, पार्टऐवजी गेज फिरवणं स्वस्त पडेल. सिल्व्हर स्टीलची नको, ईएन ८ पुरे, सात नगांत काही झिजत नाही.

स्पिगॉटच्या मापाबद्दल मात्र गंभीरपणे. गाइड ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. एका अंशाला एका मीटरमागे ॲल्युमिनियम साधारण २३ मायक्रॉन वाढतं, बीड साडेदहा. साताऱ्यात थंडीच्या सकाळी १५ अंशांना बसवलेला स्पिगॉट सांगलीत एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ४० ला गेला की २५ व्यासावर ७ ते ८ मायक्रॉन घट्ट होतो. २५ जी ६ (एच ७ भोकात सरकून बसणाऱ्या पार्टची मर्यादा) मधली कमीत कमी मोकळीक आहे ७ मायक्रॉन. म्हणजे नेमकी तीच खाल्ली जाते. एफ ७ (त्याहून सैल मर्यादा) केलं तर हा त्रास जातो, पण सेंटर बिघडतं. म्हणून जी ६ मधलीच खालची पट्टी धरा: २४.९८० ते २४.९८५. आणि माप घेण्याआधी जॉब आणि मायक्रोमीटर एकाच सरफेस प्लेटवर काही तास शेजारी पडू द्या. कटिंग झाल्या झाल्या हातात गरम लागणाऱ्या ॲल्युमिनियमचं माप घेण्यात अर्थ नाही.

बोल्टची भोकं जिगनेच (ड्रिलला जागा दाखवणाऱ्या साच्यानेच). ३६ पीसीडीवर (भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) सहा, जिगचा मधला खुंट २५ च्या बोअरमध्ये किंवा गाइडसाठी २२ मध्ये बसतो, कडेवरून माप कुणीही घ्यायचं नाही. दोन्ही पार्टना ३.३ च्याच बुशमधून ड्रिल, मग सिलिंडरला एम ४ चे आटे, गाइडचं भोक नुसत्या हाताने ४.५ ला उघडायचं, ड्रिल आधीच्या भोकामागे जातं. जिग करताना डीआरओ (मशिनवरचं डिजिटल माप) नसेल तर ४० ला १ च्या डिव्हायडिंग हेडवर (वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या साधनावर) एका भोकापासून पुढच्यापर्यंत ६ फेरे आणि १५ च्या वर्तुळात १० भोकं.

आता आनंदाचं. सातारकरांचे सातही स्लाइड व्हॉल्व्ह (पोर्ट उघडझाक करणाऱ्या सरकत्या झडपा) पास! पोर्ट २.५, पूल (दोन पोर्टमधली पट्टी) २.५, एक्झॉस्ट ५, व्हॉल्व्ह १६, म्हणजे दोन्हीकडे ०.५ लॅप (पोर्टच्या कडेपलीकडे जाणारा जादा भाग). काचेवर बारीक पेस्टने घासलेली तोंडं आरशासारखी आहेत, नुसती तोंडाने हवा ओढली तरी व्हॉल्व्ह चिकटून राहतो. विटेकरांनी एक्सेंट्रिक एकाच बारवर फोर-जॉमध्ये करून कापून काढले, त्यामुळे सगळ्यांचा थ्रो (मध्य किती सरकवला ते अंतर) सारखाच. परत करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: थ्रो ३ हवा तर डायलवर ६ दिसायला हवेत. ३ वर थांबलात तर व्हॉल्व्ह निम्माच सरकेल. क्रँकच्या पुढे एक्सेंट्रिक १०१ ते १०२ अंशांवर बसेल.

फ्लायव्हीलची कास्टिंग शिरोलीतल्या एका फाउंड्रीतून आली. दोन नगांची कड पांढरी आणि कडक, कानस घसरते. पातळ कड लवकर थंड होते, त्याचा परिणाम. ते दोन लालभडक तापवून राखेत रात्रभर सोडायचे, कार्बाइडने जबरदस्ती नको. पुढच्या पॅटर्नला कड ३ मिलिमीटर जाड. बाकीचे पाच मिरांडा कंपनीच्या हाय-स्पीड स्टीलच्या टूलने सुरेख निघाले.

पेडेस्टलबद्दल कुपवाडकरांना: उंची ४० ऐवजी ३९.७ करा आणि ०.१ च्या पितळी शिमचे (खाली घालायच्या पातळ पत्रीचे) तीन-तीन तुकडे सोबत द्या. क्रँकची उंची गाइडप्रमाणे जोडताना ठरेल.

मॅन्ड्रेल मिरजेला एसटी पार्सलने जाईल, गेज आणि जिग आधी कराडला. सगळा संच एकत्र करायची जागा किर्लोस्करवाडी, कराड आणि मिरज दोन्हीकडून रेल्वेने सोयीची. एम ४ चे स्टड आधीच कुणी करून आणू नका, गाइडच्या फ्लँजची जाडी बदलली आहे, नवीन लांबी गेज पास झाल्यावरच ठरेल.