पोरीला मायनसचा नंबर लागला तेव्हा

मुलगी पाचवीत. पहिला आकडा चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर निघाला: मायनस १.७५. त्यावर चष्मा केला नाही ते बरं झालं. जवळचं पाहताना डोळ्यातला स्नायू आवळतो. लहान मुलांमध्ये तो तपासणीतही आवळलेलाच राहिला, की नंबर खोटा चढतो. जळगावला डॉक्टरांनी थेंब टाकून स्नायू सैल केला, तेव्हा उजवा १.२५ आणि डावा १ निघाला. काही दिवसांनी पुन्हा बोलावून मगच चिठ्ठी दिली.

थेंबांनंतर बाहुल्या मोठ्या राहतात, ऊन सोसत नाही, पुस्तक धूसर दिसतं. हे एक दिवस चालणार की आठवडाभर, ते औषधावर आहे; आधीच विचारा. आम्ही शनिवारी गेलो आणि टोपी नेली, तरी उन्हात तिचे डोळे उघडेनात.

नातेवाइकांचा सल्ला असा, की नंबर थोडा कमीच करून घ्या, डोळ्याला सवय नको. तसं करू नका. बुबुळापासून पडद्यापर्यंतचा डोळा लांबल्याने हा नंबर येतो. कमी नंबरच्या काचेने तो आखडत नाही. गाजर, तूप खाऊ द्या, पण नंबरासाठी नाही.

घरात सगळ्यात जास्त भांडण अंतरावरून झालं. पोरं मोबाइल वीतभर अंतरावर धरतात. आम्ही माप ठरवलं: तिचं कोपर ते मूठ, तेवढं लांब पुस्तक. टेबल उंच असेल तर पुस्तक आपोआप डोळ्यांजवळ येतं आणि अंतर संपतं, म्हणून खुर्चीवर गोधडीची घडी टाकली. दर २० मिनिटांनी समोरच्या निंबाकडे २० सेकंद बघायचं. झाड किमान २० फूट लांब हवं. झोपून वाचणं बंद. टेबलावरच्या दिव्याबरोबर खोलीतलाही दिवा चालू.

दुसरं काम उघड्यावरचे रोजचे दोन तास. जळगावात पारा ४४-४५ वर असताना ते कसे जमवायचे? सकाळी सव्वासहा ते साडेसात केळीच्या बागेच्या रस्त्याने, संध्याकाळी पावणेसहानंतर पाऊण तास मैदानावर. त्यासाठी कडक ऊनच हवं असं नाही. झाडाखालची सावलीही घरातल्या उजेडापेक्षा कितीतरी पट उजळ असते. खरं सांगायचं तर या उजेडाचा भरवशाचा फायदा नंबर लागण्याआधी आहे, लागल्यावर वाढ किती रोखतो हे तितकं पक्कं नाही. म्हणून धाकट्यालाही ओढून नेतो. त्याला अजून नंबर नाही.

चष्म्याचंही शिकावं लागलं. आपल्याकडची धूळ कोरड्या रुमालाने पुसली की काचेवर चरे पडतात. आधी नळाखाली धरायचा, मग साबणाचा एक थेंब. मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत राहिला तेव्हा काचेवरचा थर तडकला. घामाने फ्रेम नाकावर घसरली की मूल काचेच्या वरून बघतं, त्यामुळे दांड्या दुकानातून आवळून आणायच्या.

दर सहा महिन्यांनी तपासणी, दोन्ही आकडे तारखेसह वहीत. वर्षात अर्धा किंवा जास्त वाढला, तर नंबराची वाढ मंदावणाऱ्या कमी ताकदीच्या अ‍ॅट्रोपिन थेंबांबद्दल किंवा त्याचसाठीच्या खास काचांबद्दल डॉक्टरांना विचारायचं. दुकानातून थेंब आणून टाकायचे नाहीत. आमचा पहिला सहामाही आकडा: उजवा तोच, डावा पावने वाढून १.२५. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीत घेतली आहे, थेंब टाकले तरी शाळा बुडणार नाही.