बाबांचा अंगठा आणि बत्तीस बोअर

खंडेनवमीला बाबा दरवर्षी आजोबांचं विलायती बत्तीस बोअर (म्हणजे नळीचं माप) पिस्तूल साफ करून पूजेला ठेवतात, तर यावेळी त्यांना त्याची स्लाइडच, म्हणजे वरचा सरकणारा भाग, मागे ओढता येईना. दोनदा प्रयत्न केला, मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तू कर. बाबा ७४ चे आहेत, दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी संधिवात, सकाळी तर चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. मला खूप वाईट वाटलं.

आता तुम्ही म्हणाल या वयात कशाला हवंय. आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो पण शेत डबरा गावाकडे आहे आणि धानाच्या दिवसांत बाबा तिथे एकटे मुक्कामाला असतात, तिथे एकट्याला भीती कशाची हे ग्वाल्हेरवाल्यांना वेगळं सांगायला नको. २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे लायसनवाल्याची ७० वर्षं पूर्ण झाली किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं की वारसाला लायसनसाठी अर्ज करता येतो, म्हणून मी म्हटलं माझ्या नावावर करूया. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग आई म्हणाली, त्यांच्या हाताला जमेल असं काहीतरी शोध ना.

तर शोधायला लागलो. सगळे एकच सांगतात, म्हातारं माणूस आहे, हलकं घ्या. दुकानदारानेही तेच सांगितलं आणि मीही मान डोलावली, पण घरी येऊन नीट वाचलं तर हे अगदी उलटं निघालं. गोळी तीच असेल तर हत्यार जितकं हलकं तितका झटका जास्त, कारण तो झटका पचवायला वजनच नसतं. कानपूरचं निर्भीक रिव्हॉल्व्हर, २०१४ मध्ये आलेलं, महिलांसाठी म्हणून खूप गाजलेलं, ते साधारण ५०० ग्रॅम, आणि सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं जुन्या धाटणीचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर साधारण ७०० ग्रॅम. म्हणजे त्याच काडतुसाला हलक्यात झटक्याची ताकद जवळजवळ ४० टक्के जास्त, आणि ती जाते थेट अंगठ्याच्या मुळात, जिथे आधीच दुखतंय.

तसं बत्तीसचं रिव्हॉल्व्हरचं काडतूसच मुळात मवाळ आहे, झटक्याची एवढी भीती नकोच. खरी अडचण दुसरीकडे आहे आणि ती कोणी सांगत नाही. छोट्या पिस्तुलात गोळी सुटताना स्लाइड धरून ठेवणारा लॉक बहुतेक वेळा नसतो, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं थोपवायचं असतं म्हणून स्प्रिंग कडक ठेवावी लागते, तीच बाबांना हरवते. रिव्हॉल्व्हरमध्ये स्लाइडची भानगड नाही, पण घोडा न चढवता सरळ चाप ओढायचा तर साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. घोडा आधी चढवला तर चाप एकदम हलका होतो, पण घोडा चढवतो कोण, तर तोच दुखरा अंगठा. बावीस बोअरचं निडर नावाचं रिव्हॉल्व्हर पण बघितलं, झटका नाहीच म्हणा, पण मूठ इतकी बारीक की सुजलेल्या बोटांना ती घट्ट आवळावी लागते, आणि संधिवातात घट्ट आवळणं हेच तर जमत नाही.

अमेरिकेत याच्यावर खास उपाय आहेत, स्मिथ अँड वेसनने २०१८ मध्ये सहज ओढता येईल अशा स्लाइडचं शील्ड ईझी पिस्तूल काढलं, बेरेटाच्या काही मॉडेलांत तर नळीच वर उघडते, तिच्यात गोळी ठेवायची की झालं, स्लाइडला हात लावायला नको. वाचून जीव जळतो, कारण आपल्याकडे साध्या लायसनवाल्याला ते मागवता येत नाही.

शेवटी मी बाबांना सोबत घेऊन गेलो आणि वहीत लिहूनच घेतलं. रिकामं रिव्हॉल्व्हर, आत डमी काडतुसं, आणि संध्याकाळी नाही तर सकाळी दुकान उघडल्याउघडल्या, कारण हात तेव्हाच जास्त आखडलेले असतात आणि शेतावर अडचण काही वेळ बघून येत नाही. हलक्यावर चौथ्यांदा चाप ओढताना बाबांचं बोट थरथरलं. जडवर आठ वेळा झाले, तेही बोटाच्या टोकाने नाही, पहिल्या पेराच्या घडीत चाप धरून, डाव्या हाताचा आधार घेऊन. मग उघडून बघितलं, हे मधून मोडून उघडतं आणि रिकाम्या पुंगळ्या आपोआप वर येतात, पण वरची कळ अंगठ्याने दाबावी लागते, तिथे बाबा अडले. डाव्या तळहाताने नळी खाली दाबत उजव्या अंगठ्याचं पेर वापरलं तेव्हा जमलं. दुकानदाराला घाई होती, मला नव्हती.

तर जडच ठरलंय. त्यावर जाड रबरी ग्रिप बसवून घेणार, मूठ भरली की झटका एका जागी न बसता सगळ्या तळव्यावर पसरतो. जुनं पिस्तूलही राहील, २०१९ पासून दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यात आम्ही बसतो. घरात माझी ५ वर्षांची मुलगी आहे म्हणून लोखंडी पेटी भिंतीत पक्की बसवतोय, तिलाही फिरवायची बारीक किल्ली नको, मोठ्या बटणांचं कुलूप हवं जे बाबांना उघडेल आणि तिला नाही.

शस्त्र शाखेत अर्ज दिलाय. तोवर बाबा रोज सकाळी कोमट पाण्यात हात शेकून मऊ बॉल दाबतात, काल म्हणाले, आज दहा झाले.