स्वतःबद्दल सांगा म्हणे

जीएसटी आला १ जुलै २०१७ ला आणि मी नोकरी सोडली त्याच्या आधी, म्हणजे माझं सगळं ज्ञान व्हॅट आणि सी फॉर्मच्या, म्हणजे जुन्या विक्रीकराच्या जमान्यातलं. आता रत्नागिरीजवळ आंब्याचा पल्प काढणाऱ्या एका फॅक्टरीत अकाउंटंट हवाय म्हणून कळलं आणि अर्ज टाकला तर चक्क इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. मग काय, अभ्यास! जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं रिटर्न, पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत, ३बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, वीस तारखेपर्यंत, हे भाजी चिरताना घोकत होते. गंमत म्हणजे झाडावरनं उतरवलेल्या ताज्या हापूसला टॅक्स शून्य, पण त्याचाच रस डब्यात भरला की टॅक्स लागला. तो आधी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला. भाच्याने दिलेल्या नोट्समध्ये अजून १२ च आहे, म्हणजे नोट्ससुद्धा तपासून घ्या!

पण खरं अडतं ते "स्वतःबद्दल सांगा" तिथे. आमच्याकडे कोणी असं विचारलं तर आपण गाव सांगतो, वाडी सांगतो, माहेर कुठलं ते सांगतो, की समोरचा म्हणणार अरे म्हणजे तुम्ही अमक्यांच्यातल्या! झाली ओळख. स्वतःच्या तोंडाने "मी खूप मेहनती आहे" म्हणायचं म्हणजे मला तरी घशात काटा अडकल्यासारखं होतं. आणि मधली वर्षं काय केलंत? तर सासऱ्यांच्या बागेचा हिशेब, फवारणीचा खर्च, राखणदारांचे पगार, वाशी मार्केटच्या दलालाकडची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, आली की पेट्या नि हमाली नि कमिशन जुळवत बसायचं, हे सगळं मीच तर करत होते, पण बायोडेटात त्या जागी लेकीने "गृहिणी" टाकून ठेवलंय. ते मी खोडलं, "आंबा बागेचे हिशेब" असं लिहिलं, सासऱ्यांनी वाचून नुसती मान हलवली.

पहिला राऊंड व्हिडिओ कॉलवर आहे. घरात रेंज नाही, त्यामुळे साडी नेसून, फाईल घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, जाऊन बसायचं, गुरं मधे आली तर ती पण इंटरव्ह्यूला.

पगाराची अपेक्षा किती सांगायची यावर घरात अजून वाद चालू आहे. नवरा म्हणतो कमीच सांग, एवढ्या वर्षांनी घेतायत तेच खूप. शेजारच्या काकू ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "गो, मासेवाली कधी पहिलाच भाव कमी सांगते काय? चढवून सांग, ते पाडतीलच."

मी काकूंचं ऐकणार आहे.