खपतं ते, खुपतं ते

छातीवर शांतीचं चिन्ह छापलेले टी-शर्ट फार टिकत नाहीत. वर्तुळ तग धरतं, पण आतल्या तिरक्या रेघांना लवकर भेगा पडतात, आणि सुलट बाजूनं इस्त्री फिरवली की निम्मं चिन्ह इस्त्रीलाच चिकटून येतं. म्हणून तो उलटा करून धुवायचा, उलटाच इस्त्री करायचा. माझ्याकडे असा एक आहे. रंग आवडला म्हणून घेतला, युद्ध वगैरे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

अशा टी-शर्टवर एक ठरलेला टोमणा असतो. एकेकाळी चळवळीचं चिन्ह होतं, आता नुसती फॅशन राहिली, बाजारानं गिळलं सगळं. टोमणा मारणाऱ्याला त्यातून फुकटचं मोठेपण मिळतं, त्यामुळे तो वारंवार मारला जातो. मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण त्या चिन्हाच्या जन्मकथेतच आहे.

जेराल्ड हॉल्टम हा ब्रिटिश डिझायनर. दुसऱ्या महायुद्धात बंदूक हाती घ्यायला नकार देऊन तो शेतावर राबला होता. १९५८ च्या ईस्टरला लंडनच्या ट्रॅफल्गर चौकापासून ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्रापर्यंत चार दिवसांचा पायी मोर्चा निघणार होता, त्यासाठी फेब्रुवारीत त्यानं हे चिन्ह काढलं. बावट्यांनी खुणा करण्याच्या सेमाफोर लिपीत दोन्ही हात तिरके खाली धरले की ‘एन’ होतो, आणि एक हात सरळ वर, एक सरळ खाली धरला की ‘डी’. ‘न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’ची, म्हणजे अण्वस्त्रं टाकून देण्याची, ही दोन आद्याक्षरं एकावर एक ठेवली, भोवती वर्तुळ काढलं, झालं. पुढे एका पत्रात त्यानं लिहिलं की तेव्हा आपण घोर निराशेत होतो, आणि गोळ्या झाडायला उभ्या असलेल्या शिपायांसमोरच्या, स्पॅनिश चित्रकार गोयानं रंगवलेल्या शेतकऱ्यासारखा हात पसरलेला माणूस, म्हणजे स्वतःलाच आपण काढलं. गंमत अशी की गोयाच्या चित्रातल्या त्या माणसाचे हात वर आहेत, हॉल्टमच्या चिन्हातले खाली. निराश माणसाला चित्रही आपल्यासारखंच खचलेलं आठवत असावं.

पण निराशेत असला तरी गडी धंद्यातला होता. मोर्चासाठी काठीवर बसवलेल्या गोल पाट्या केल्या, त्याही दोन रंगांत. पहिल्या दोन दिवसांना पांढऱ्यावर काळं चिन्ह, आणि ईस्टरचा रविवार उजाडला की हिरव्यावर पांढरं. म्हणजे शिशिरातून वसंतात जायची सोय मोर्चातच केलेली. सुरुवातीचे बिल्ले तर पांढऱ्या मातीचे, भट्टीत भाजलेले होते. त्यांच्यासोबत एक चिठ्ठी असायची, की अणुयुद्ध झालंच तर माणसानं केलेल्या ज्या थोड्या वस्तू त्या आगीतून शिल्लक राहतील, त्यांत हा बिल्ला असेल. इतक्या थंडपणे घाबरवणारी जाहिरात मी दुसरी वाचलेली नाही. सांगायचा मुद्दा, दिसण्याचा विचार या चिन्हात पहिल्या दिवसापासून होता. बाजारानं येऊन त्याला नटवलं असं नाही, ते नटूनच रस्त्यावर उतरलं होतं.

आणि त्यावर मालकी कुणी सांगितली नाही. ज्याला हवं त्यानं घ्यावं, रंगवावं, शिवावं. त्यामुळेच ते अटलांटिक ओलांडून व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांच्या खांद्यावर, गिटारवर, मोटारीच्या काचेवर जाऊन बसलं. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एका बूट कंपनीला ते आपला ट्रेडमार्क म्हणून नोंदवून घ्यायचं होतं. अमेरिकी पेटंट कार्यालयानं नकार दिला. शांतीवर एका बूटवाल्याचा हक्क लागायचा राहिला, हे मला फार आवडतं.

लोकप्रियता वापरून घेण्यात कमीपणा कसला? १९६९ च्या मार्चमध्ये बीटल्समधला गायक जॉन लेनन आणि कलाकार योको ओनो लग्न करून ॲमस्टरडॅमच्या हिल्टन हॉटेलात उतरले आणि पत्रकारांना खोलीत या म्हणाले. नवपरिणीत जोडपं, त्यातून हे दोघं, म्हणजे काहीतरी चावट बघायला मिळणार या आशेनं पत्रकार धावले. बघतात तर दोघं पांढऱ्या कपड्यांत पलंगावर बसून जगाच्या शांततेवर बोलतायत. आठवडाभर! थट्टा व्हायची तेवढी झालीच. पण हनीमूनला कॅमेरे येणारच होते, ते नुसते परत कशाला पाठवायचे, हा हिशेब मला तरी अतिशय व्यवहारी वाटतो.

एखादं चिन्ह किती विकलं जातं यावरून ते जिवंत की मेलेलं हे ठरत नाही. ते कुणाच्या डोळ्यांत खुपतं का, एवढंच बघावं. पिकासोचं ‘गेर्निका’ हे युद्धाच्या भीषणतेवरचं चित्र घ्या. ते मगवर असतं, पोस्टरवर असतं, फ्रिजवरच्या मॅग्नेटवर तो किंचाळणारा घोडा दुधाच्या हिशेबाचा कागद धरून बसलेला असतो. याहून गुळगुळीत काय व्हायचं राहिलं? तरीही २००३ च्या फेब्रुवारीत, इराकवरच्या हल्ल्याची बाजू मांडायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रसंघात आले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेर १९८५ पासून टांगलेली त्या चित्राची विणलेली प्रत निळ्या पडद्यानं झाकलेली होती. टीव्ही कॅमेऱ्यांना मागे साधी पार्श्वभूमी हवी, असं कारण देण्यात आलं. असेलही. पण ज्याला कुणी भीक घालत नाही त्याच्यावर कुणी पडदा घालत नाही.

डोळ्यांत खुपण्याचं त्याहून छोटं उदाहरण अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या डी मॉइन शहराचं. १९६५ च्या डिसेंबरात तिथल्या काही शाळकरी मुलांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी पट्टी बांधायचं ठरवलं. रुंदी जेमतेम दोन इंच. ना घोषणा, ना चित्र. मुख्याध्यापकांना कुणकुण लागली, त्यांनी आधीच बंदीचा नियम केला, आणि पट्टी बांधून आलेल्यांना घरी पाठवलं. त्यांतली मेरी बेथ टिंकर तेरा वर्षांची होती. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९६९ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी मुलं जिंकली. निकालपत्रात एक बारीक नोंद आहे आणि मला सगळ्यात तीच चविष्ट वाटते. त्या भागातल्या शाळांत निवडणुकीचे बिल्ले लावून येणारी मुलं होती, काही जण तर नाझींशी जोडला गेलेला आयर्न क्रॉसही घालत. त्याला कुणाची हरकत नव्हती. आयर्न क्रॉस चालला, चिंधीभर काळं कापड चाललं नाही.

म्हणून युद्ध थांबतं का? नाही थांबत. १५ फेब्रुवारी २००३ ला इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध जगभरच्या शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले, एकट्या रोममध्ये तीस लाख अशी गिनेस बुकात नोंद आहे, आणि २० मार्चला हल्ला सुरू झाला. त्यावर काही बोलावं असं माझ्याकडे नाही.

राहता राहिलं लष्करी जॅकेट. खाकी-हिरवं, चार मोठ्या खिशांचं. युद्धाविरुद्धच्या मोर्चात सैनिकाचा पोशाख घालायची टूम व्हिएतनामच्या काळातच निघाली. सैन्यानं काढून टाकलेला माल स्वस्त मिळायचा, उबदार असायचा, शिवाय वडीलधारे भडकायचे. पण त्याच मोर्चांत ते जॅकेट खरोखर लढाईत घातलेलेही होते. १९७१ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनामहून परतलेले शेकडो सैनिक वॉशिंग्टनला कॅपिटॉलसमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, रांगेनं आले आणि कुंपणापलीकडे आपली पदकं भिरकावून गेले. त्या काळातल्या मोर्चांचे फोटो पाहताना कुणाचं जॅकेट दुकानातलं आणि कुणाचं व्हिएतनाममधलं, हे काही केल्या ओळखू येत नाही. टोमणे मारणाऱ्यांना तेव्हाही ओळखू येत नसणार.